घोडपदेवला राहिलेली अर्धी झांज

मित्रांनो, मी झांज आहे. काशाची, जुनी, कडेला केसाएवढा चरा गेलेली. खरं सांगायचं तर अर्धीच. झांजा नेहमी दोन असतात आणि एकटीचं काही वाजत नाही, असं मी साठ वर्षं समजून चालले होते. ते कसं खोटं ठरलं, तेच तुम्हाला सांगायला बसले आहे.

कुशाबा कासारानं आम्हा दोघींना एकाच मुशीतून ओतलं. आधी माझी बहीण, मग मी. दोघींना ठोकून ठोकून त्यानं कानाशी धरलं, मान हलवली, पुन्हा ठोकलं. आमचा सूर जुळला तेव्हा त्यानं आमच्या पोटातून दोरी ओवली आणि तिला लाल कापडाचे गोंडे बांधले. पुढे तांबाकाट्यावरच्या एका दुकानात आम्ही टांगून होतो. तिथून अण्णांनी आम्हाला घेतलं.

अण्णा म्हणजे बेबीचे वडील. दिवसभर गिरणीत साचे, म्हणजे माग, सांभाळायचे आणि संध्याकाळी मराठी मंडळीच्या चर्चमध्ये येऊन भजनं बांधायचे. त्यांच्या आईनं जात्यावर गायलेल्या ओव्या त्यांच्या कानात घर करून होत्या. मग ख्रिस्ताची गोष्टही ते ओवीतच सांगत. अण्णा गात आणि आम्ही झणझणत असू. लोक म्हणत, अण्णांच्या झांजा वाजल्या की भायखळ्याची कबुतरं उडतात. मला ते ऐकून फार अभिमान वाटे.

एक गोष्ट मात्र खटकायची. शास्त्रात, म्हणजे बायबलात, आमच्याबद्दल एक ओळ आहे. ज्याच्या ठायी प्रीती नाही, त्याचं बोलणं म्हणजे झांजेचा नुसता आवाज, अशा अर्थाची. पाळकसाहेब वर्षातून एकदा तरी ती वाचत, आणि तेव्हा सगळी मंडळी आमच्याकडे बघून हसे. आम्ही दोघी गोंड्यांत तोंड लपवायचो.

अण्णा गेले, आम्ही बेबीच्या हातात आलो. मग चर्चमध्ये कीबोर्ड आला, त्याच्या पोटात ढोलकीही होती आणि आमच्यासारखी झांजही. आमची रवानगी जुन्या टेबलक्लॉथांच्या कपाटात झाली. वर्षाचे तीनशे चौसष्ट दिवस अंधार. एक दिवस उजेड, तो ईस्टरचा. कारण ईस्टरच्या पहाटे मंडळी प्रभातफेरी काढते, गात गात एकेका घरी जाते, आणि कीबोर्डला काही जिने चढता येत नाहीत.

आता बेबीबद्दल सांगते. वय एकसष्ट. बत्तीस वर्षं तिनं इस्पितळात आयाचं काम केलं. माणूस मोठ्या मनाची, आवाज त्याहून मोठा. आमच्या मंडळीत एक रीत आहे. ईस्टरनंतर चाळीस दिवसांनी स्वर्गारोहणाचा सण येतो. त्याच्या आधीच्या रविवारी ज्याला वाटेल त्यानं उठून सांगायचं, की मरणातून उठलेल्या प्रभूची गोष्ट या दिवसांत मी कोणाला सांगितली, ती कशी जगलो. याला साक्ष म्हणतात. बेबीची साक्ष ठरलेली असे. बसस्टॉपवर उभं राहून प्रभूच्या गोष्टीच्या पाचशे छापील पत्रिका वाटल्या. लोक टाळ्या वाजवत. त्या पाचशेपैकी एकाचंही नाव तिला ठाऊक नसे. ते तिला आतून टोचायचं, हे मला माहीत आहे. कारण कपाटाचं दार लावताना एकदा ती पुटपुटली होती, "अण्णा एकालाच सांगायचे, पण पुरतं सांगायचे."

यंदाची फेरी घोडपदेवला गेली. शेवटचं घर वसंत साळव्यांचं. तिथे सगळ्यांना चहा आणि बन असायचे. तिथे दोन चाळी आहेत, समोरासमोर, जुळ्या बहिणींसारख्या. साळव्यांच्या चाळीचा पुढचा जिना दुरुस्तीसाठी बंद होता, हे कोणाला ठाऊक नव्हतं.

"टॉर्च कशाला?" बेबी म्हणाली. "वीस वर्षं येतेय मी. डोळे बांधून नेईन. दुसरा मजला, तिसरं दार."

दुसरा मजला बरोबर होता. तिसरं दारही बरोबर होतं. चाळ तेवढी चुकली, उघडा जिना समोरच्या चाळीचा होता.

दारासमोर उभं राहून मंडळीनं अण्णांची ओवी धरली. आम्ही दोघी जीव तोडून वाजत होतो.

*पहाटेच्या गं पारी तिघी निघाल्या बाया*
*हाती तेलाची कुपी, डोळा पाण्याची माया*

*वाट चालता चालता एकी दुजीला पुसे*
*धोंडा लोटील कोण, बळ अंगात नसे*

इतक्यात दार उघडलं. बनियनवर एक माणूस उभा. डोळे चुरचुरलेले.

"कोण पाहिजे?"

"प्रभू उठला आहे," मागून दोघंतिघं सवयीनं म्हणाली.

"उठला असेल," तो म्हणाला, "पण मी झोपलो होतो ना. आणि आई आजारी आहे घरात."

समोरच्या गॅलरीतून वसंतची हाक आली. "बेबीताई, चहा इकडे आहे. तुम्ही तिकडे कोणाला उठवताय?"

बेबी मेल्याहून मेल्यासारखी झाली. दोन्ही हात जोडून माफी मागायची, तर हातात आम्ही. ओढाताणीत आमची जुनी दोरी तुटली. मला तिनं दाराशेजारच्या चपलांच्या कपाटावर ठेवलं, बहिणीला काखेत मारलं, हात जोडले आणि सगळ्यांना घेऊन जिना उतरली. मी तिथेच राहिले.

दार लागता लागता आतून एक म्हातारा आवाज आला. "अरे, थांबलात कित्याक? मगे काय झाला त्या बायकांचा?"

तो ऐकायला तिथे कोणीच नव्हतं. फक्त मी होते.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता बेबी मला न्यायला आली. तोवर मी मालनआजींच्या उशाखाली पोचले होते. मालनआजी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. माहेर-सासर दोन्ही कोकणातलं, पण साठ वर्षं घोडपदेवात. यजमान गणपत गिरणीतून निवृत्त झाले आणि मग देवाघरी गेले. दार उघडणारा तो हितेंद्र, त्यांचा मुलगा. सून प्राची.

"मावशी, माझी झांज राहिलीय इथे."

"राहूक नाय. ठेवलंय मी," मालनआजी म्हणाल्या. "आधी सांग, धोंडो कोणी सरकवल्यान?"

बेबीनं झटकन पिशवीत हात घालून पत्रिका काढली. "यात सगळं लिहिलंय, मावशी. चार पानांत."

"चष्मो नाय माझो. तुका तोंड आसा मा? तोंडान सांग."

बेबीची पंचाईत झाली. बसस्टॉपवर कोणी असं विचारत नाही. तिनं इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यात एक वॉकर होता, चकचकीत, आणि त्यावर चार टॉवेल आणि एक परकर वाळत घातलेला. आयाबाईच्या डोळ्यांना तेवढं पुरलं.

"खुबा?" तिनं प्राचीला विचारलं.

"होळीच्या दुसऱ्या दिवशी," प्राची म्हणाली. "बाहेर जाताना याच उंबऱ्याला पाय अडखळला. ऑपरेशन छान झालं. डॉक्टर म्हणतात चालवा. पण या पाय खाली सोडायला तयार नाहीत. माझी रजा पंधरा मेपर्यंत. पुढे दिवसभर घरात कोण? ह्यांनी पनवेलला एका वृद्धाश्रमात नाव घालून ठेवलंय."

"न्या माका पनवेलीक," पलंगावरून आवाज आला. "उचलूनच न्या. मी चलूचंय नाय. परत पडलंय तर कोण उचलतलो?"

हे बोलताना त्यांचा हात उशाखाली माझ्या कडेवर होता. पनवेलचं नाव घेताना त्यांनी मला आणखी आत ओढलं, मित्रांनो. घर सुटणार होतं आणि भीती सुटत नव्हती.

बेबीनं पदर खोचला. "मावशी, गोष्ट सांगते. पण आमच्याकडे ही गोष्ट झोपून ऐकत नाहीत."

"खोटां बोलता ही," मालनआजी प्राचीला म्हणाल्या. पण उठून बसल्या.

मग रोज अकरा वाजता बेबी येऊ लागली. रोज एक ओवी आणि एक काम. पहिल्या दिवशी बसणं. मग पाय खाली सोडणं. मग उभं राहणं, ओवी संपेपर्यंत. "खांद्याला लोंबकळू नका, मनगट धरा. मी पडणार नाही आणि तुम्हाला पडू देणार नाही. बत्तीस वर्षांत एक पेशंट पाडलेला नाही." तिघी बाया कोण होत्या, कुपीत कसलं तेल होतं, ज्याच्या धोंडा लावलेल्या थडग्याकडे त्या निघाल्या तो त्यांना कसा वागवायचा, सगळं मालनआजींना हवं असे.

"घरातल्यांनी सोडल्यानी त्यांका येवढ्या काळोखात?"

"कोणाला विचारलं नसणार."

"तांच बरां."

पण गाण्यात त्यांना खोट दिसली. "तुझ्या बापाशीन ओवी ब्येस बांधल्यान. पण तू घाय करतंस. गाडी चुकता काय तुझी? बायका रडत चलतत, त्या धावतत काय? हळू म्हण. पावलाक एक शब्द."

एवढं बोलून त्यांनी मला गोंड्याला धरून उचललं आणि प्राचीकडून लाकडी पळी मागून घेतली. पळी माझ्या कडेला हलकेच लागली. मित्रांनो, मी दचकले. असा आवाज माझ्या पोटात होता हे मला कधी कळलंच नव्हतं. सायंकाळी दूरवर घंटा वाजावी तसा, लांब, मऊ. साठ वर्षं मी झणझणत होते. त्या दिवशी मी पहिल्यांदा बोलले.

एक ठोका, एक पाऊल. पलंग ते स्वयंपाकाचा ओटा. ओटा ते मोरी. वॉकरवरचे टॉवेल दोरीवर गेले. तीन आठवड्यांत मालनआजी खोलीभर फिरू लागल्या. फक्त दाराकडे जात नव्हत्या. उंबऱ्यापासून दोन हातांवर त्यांचे पाय खिळत.

"उद्या उंबरा," बेबी म्हणाली. "उद्या बाया थडग्याच्या बागेपाशी पोचतात."

पण उद्या हितेंद्र घरी थांबला होता. शेजारच्या लक्ष्मीबाईंनी गॅलरीत कपडे वाळत घालता घालता त्याच्या कानावर घातलं होतं, "रोज येते हो ती. दार लोटून घेतात. काय पाणीबिणी शिंपडते काय, बघ बाबा."

"आंटी," हितेंद्र म्हणाला, "राग नका मानू. आईला तुमच्यात घ्यायचं चाललंय का?"

"आधी आंटी नको, ताई म्हण," बेबी म्हणाली. मग तिनं पिशवी खाली ठेवली. "हे बघ, मी लपवणार नाही. माझा प्रभू जिवंत आहे, हे मी तुझ्या आईला सांगितलं. तुलाही सांगेन, ऐकलंस तर. पण तिनं काय मानायचं ते तिला विचार. तिला चालवायला मी त्यासाठी येत नाही. ती चालायला हवी, म्हणून येते."

"माझो देव रवळनाथ माझ्या कडेक आसा," पलंगावरून मालनआजी ओरडल्या. "मी खय जातंय? माका बायकांचा काय झाला तां कळूक व्हया."

"मला चाळीत राहायचंय, ताई," हितेंद्र मान खाली घालून म्हणाला. "लोकांची तोंडं मी कशी धरू? थोडे दिवस नका येऊ."

बेबीनं पिशवी उचलली. "घर तुझं आहे, बाबा." जाताना तिनं मला मागितलं नाही.

मालनआजी त्या दिवशी आडव्या झाल्या त्या झाल्याच. दोन दिवसांनी वॉकरवर पहिला टॉवेल पडला. मग दुसरा. मी उशाशी होते, पळी ओट्यावर होती. प्राचीनं पनवेलच्या बॅगेत आजींची दोन लुगडी घडी करून ठेवली, परत काढली, परत ठेवली. हितेंद्र आईसमोर पेपर वाचायचा आणि पान उलटायला विसरायचा.

मेची दहा तारीख आली. रविवार. सकाळी चहा देता देता प्राची म्हणाली, "हितेन, पाच आठवडे आईंना अंघोळ मी घालत होते. तुझी लक्ष्मीबाई नाही. त्या बाईंनी तीन आठवड्यांत त्यांना मोरीपर्यंत चालवत नेलं. कोणी काही शिंपडलं असेल तर मीच, शॅम्पूचं पाणी. जा, आणि त्यांना घेऊन ये."

हितेंद्रनं आईकडे पाहिलं. मालनआजींनी मला उशाखालून काढलं आणि त्याच्या हातात दिलं. "ही दाखव. म्हणजे खरां मानतली."

अशी मी प्लास्टिकच्या पिशवीतून चर्चला निघाले.

आत साक्षीचा कार्यक्रम सुरू होता. बेबी उभी होती. वसंतनं मागच्या बाकावरून विचारलं, "काय बेबीताई, यंदा पाचशे का सहाशे?"

"एकही नाही," बेबी म्हणाली. तिचा आवाज मी इतका लहान कधी ऐकला नव्हता. "पत्रिका पिशवीतच आहेत. एकाच बाईला सांगायला घेतलं होतं, तेही अर्धंच राहिलं. ती चालायला लागली होती. आता परत झोपली, असं कळलंय. यंदा माझ्याकडे साक्ष नाही."

तेवढ्यात दारात हितेंद्र उभा राहिला. आत चपला चालतात की नाही हे न कळल्यामुळे त्यानं त्या एका हातात धरल्या होत्या आणि दुसऱ्या हातात मी.

"सॉरी हां, मध्येच," तो म्हणाला. "बेबीताई आहेत का? आईला त्या धोंड्याचं पुढे काय झालं ते पाहिजे. आजच पाहिजे."

सगळं चर्च मागे वळलं. पाळकसाहेब चष्मा काढून पुसू लागले. "जा ना बेबीबाई," ते म्हणाले, "आशीर्वादासाठी थांबू नका."

बेबी खोलीत शिरली तेव्हा मालनआजी पलंगाच्या कडेला बसलेल्या होत्या. केस विंचरलेले, पदर नीट. रुसवा मात्र तसाच.

"गेलंस ती गेलंस. अशी अर्धी गोष्ट कोण ठेवता?"

"उठा," बेबी म्हणाली. "आज दारापर्यंत."

प्राचीनं टॉवेल ओढून काढले. वॉकर पुढे आला. हितेंद्रच्या हातात मी होते. बेबीनं त्याला पळी दिली. "पावलाला एक ठोका. जोरात नको." पहिला ठोका हुकला, दुसरा लागला. बेबी गाऊ लागली, हळू, मालनआजींनी शिकवलं तसं. बाया बागेपाशी आल्या. बाया एकमेकींना विचारताहेत, एवढा मोठा धोंडा, कोण लोटणार. मालनआजी उंबऱ्यापाशी आल्या आणि थांबल्या.

"आता सांग," त्या म्हणाल्या. कपाळावर घाम होता. "कोणी सरकवल्यान?"

बेबीनं शेवटची ओवी म्हटली.

*मान वर केली, तवा नवल देखिलं*
*धोंडा सरला होता, दार उघडं ठेविलं*

मालनआजी तिच्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे आधीच सरकलेलो?"

"आधीच."

"आणि या वाटभर रडत इल्यो? कोण लोटतलो, कोण लोटतलो म्हणान?"

"हो."

"घराक बसल्यो असत्यो तर कळलांच नसता त्यांका."

बेबीचे डोळे भरले होते. मला वाटतं ही गोष्ट शंभरदा सांगूनही तिला ती त्या क्षणी पहिल्यांदा ऐकू आली.

मालनआजींनी खाली पाहिलं. उंबरा दोन बोटं उंच होता. दोन बोटंच. "आधी खयचो पाय?"

"चांगला."

वॉकर पलीकडे गेला. चांगला पाय पलीकडे गेला. मग ऑपरेशनचा पाय उचलला गेला, उंबऱ्याला घासला आणि गॅलरीत उतरला. हितेंद्र मला वाजवायला विसरला. मी त्याच्या हातात गप्प होते, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

मालनआजींनी गॅलरीतला वारा घेतला. समोर वसंतच्या घराचा पडदा हलत होता. मग त्यांनी सूर लावला, स्वतःचाच.

*घरात बसलेल्याक धोंडो धोंडोच दिसता*
*चलान गेलेल्याक गो, दार उघडां आसता*

"लिहून घे," त्या बेबीला म्हणाल्या. "तुझ्या बापाशीच्या ओवीखाली लाव. आणि मगे? बायकांनी सगळ्यांका सांगितल्यानी?"

बेबीनं डोळे पुसले. "आधी भिऊन गप्प बसल्या, मावशी."

"लोक काय म्हणतीत म्हणान?"

"तसंच काहीतरी."

"आणि मगे?"

"मग सांगितलं. म्हणून तर माझ्यापर्यंत आली गोष्ट."

हितेंद्र आत गेला. फोनवर त्याचा आवाज आला. पनवेलला कोणालातरी सांगत होता, नाव काढा, हो, कायमचं, नाही हो, आई चांगली आहे, म्हणूनच. प्राचीनं बॅगेतली लुगडी काढून सरळ कपाटात लावली.

मित्रांनो, माझं ऐकलंत, आता एक विनंती. तुमच्या घरातही कुठल्यातरी कपाटात माझ्यासारखं कोणी पडलं असेल. चिंच लावून घासून ठेवलंत तर आम्ही चकाकू, पण नुसत्या चकाकण्यानं आमचं पोट भरत नाही. आम्हाला बाहेर काढा, वापरा. जी चांगली गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे तिचंही तसंच आहे. ती सणाच्या दिवशी मोठ्यानं वाजवून परत कुलपात ठेवू नका. कोणी अंथरुणाला खिळलं असेल तर त्याच्या उशाशी बसा, त्याच्या पावलाच्या चालीनं सांगा, आणि पुरती सांगा.

आता मला जायला हवं. कारण मालनआजी गॅलरीत थांबलेल्याच नाहीत. हितेंद्र बाहेर आला तशी त्याच्या हातातून मला घेऊन त्यांनी वॉकरच्या दांडीला बांधलं आहे आणि टकटक करत त्या निघाल्या आहेत, शेजारच्या दाराकडे. वाटेत प्रत्येक पावलाला मी आपोआप वाजते आहे. लक्ष्मीबाईंनी दार उघडलं आहे आणि त्या पुरत्या गोंधळल्या आहेत.

"बस गो लक्ष्मी," मालनआजी म्हणताहेत. "पाणीबिणी काय शिंपडूक नाय येवक मी. तीन बायका होत्यो, काळोखातच घरातून भायर पडल्यो. ऐक."